शंख रिकामे का होतात?

कांदिवलीच्या फ्लॅटमध्ये हौसेनं खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. मासे मजेत आहेत, पण शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी एकामागून एक मरताहेत. अशा वेळी आधी माशांच्या औषधाची बाटली नीट वाचा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. मासे ते सोसतात, गोगलगायींना ते विषच. शिवाय तांबं दगडांत, वाळूत मुरतं आणि नंतरही पाझरत राहतं. तोवर औषध दिल्याचं घरात कुणाला आठवतही नसतं!

दुसरा संशयित म्हणजे वाढलेला खारटपणा. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीत ते वाढू द्यायचे नसतील, तर रोजची घट आरओच्या गोड्या पाण्यानं भरा. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी थेट ओतू नका.

रात्री बॅटरी घेऊन शंखाच्या तोंडाशी बघा. तांदळाच्या कणीएवढे पांढरे शंख चिकटलेले दिसले, तर ते परजीवी. जुन्या टूथब्रशनं काढून टाका. शंखात राहणारा खेकडाही संशयितच, घरासाठी तो मालकाचा जीव घेतो.

आणि गोगलगाय हलत नसेल, तर बाहेर काढून वास घ्या. कुजका वास आला, तर पुन्हा टाकीत सोडू नका. तिच्या अमोनियानं उरलेल्याही मरतील.