लिनक्सच्या पडद्यावर माउसचा बाण बिघडतो तेव्हा

सोलापुरी चादरीची नक्षी आता बऱ्याच ठिकाणी आधी संगणकावर उतरते. जॅकार्ड मागाच्या आराखड्यातला एकेक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचा एकेक छेद. रंग शेजारच्या चौकोनात पडला, तर ती चूक नक्षीबरोबर चादरभर उमटत जाते. इतक्या बारीक कामात माउसचा बाण नेमका दिसायलाच हवा.

लिनक्स या संगणक प्रणालीवर काम करताना कधी हा बाण गायब होतो, कधी त्याच्या जागी नुसता चौकोन दिसतो, कधी तो मागे खुणा सोडत जातो. मग कुणीतरी सांगतं, सगळी सिस्टीम पुसून नव्याने टाका. तसं करण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते पाहा.

बाण उड्या मारत असेल, तर माउस, त्याची वायर आणि खालचा पृष्ठभाग तपासा. चकचकीत काचेवर माउस नीट चालत नाही. बाण हलतो व्यवस्थित, पण दिसतो विचित्र, असं असेल तर दोष चित्र उमटवण्यात आहे.

बहुतेक संगणकांत ग्राफिक्स चिप हा बाण बाकीच्या चित्रापासून वेगळ्या थरावर ठेवते. त्यामुळे बाण हलला तरी मागचं चित्र पुन्हा काढावं लागत नाही. म्हणून एक सोपी परीक्षा करा. पडद्याचा बाणासकट स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलनेही फोटो काढा. बिघाड फक्त मोबाइलच्या फोटोत दिसला, तर संशय बहुधा त्या वेगळ्या थरावर आणि ग्राफिक्स ड्रायव्हरवर जातो.

आता काम सेव्ह करा. कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन एकदम दाबा. काळा पडदा येईल. मग कंट्रोल, आल्ट आणि एफ-दोन किंवा एफ-एक दाबून परत या. पडदा नव्याने उभा राहतो आणि हरवलेला बाण पुष्कळदा परत येतो. तरीही बिघाड राहिला, तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये सव्वाशे किंवा दीडशे टक्के असलेलं प्रमाण शंभरावर आणून पाहा. लॉगिनच्या पडद्यावर पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या यंत्रणांचे वेलँड आणि एक्सऑर्ग असे दोन्ही पर्याय असतील, तर दुसरा निवडून पाहा. अलीकडच्या काही आवृत्त्यांत एक्सऑर्गचा पर्याय मिळत नाही. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब या यादीतून आधीचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा जुना गाभा, निवडा.

शेवटचा उपाय म्हणजे सॉफ्टवेअर कर्सर. यात बाण वेगळ्या थरावर न ठेवता चित्रातच काढला जातो. संगणकावर थोडा भार येतो, पण बाण दिसू लागतो.

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहून ठेवा. लिनक्स घडवणारी मंडळी जगभर विखुरलेली आहेत आणि लोकांच्या तक्रारी वाचतात. ग्राफिक्स कार्डाचं नाव, कर्नलची आवृत्ती आणि काय केल्यावर बिघाड दिसतो, एवढं त्यांना कळवा. सोलापुरातून गेलेली एक नेमकी नोंद हाच त्रास सोसणाऱ्या कितीतरी जणांच्या कामी येऊ शकते.