संमोहन : मंडपातलं आणि दवाखान्यातलं

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत इंदूरच्या एका डॉक्टर दांपत्याने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आम्हां दोघांना मंडळाने एकाच व्यासपीठावर बोलावलं, याबद्दल आभार. घरी आम्ही दोघं एकाच विषयावर बोलायला लागलो की मुलं उठून जातात. आज तुम्ही बसून राहणार आहात, हा बाप्पाचाच प्रसाद. आमच्यापैकी एक पोटाच्या विकारांचा डॉक्टर आणि दुसरी चिकित्सा-मानसशास्त्र शिकलेली. गेली काही वर्षं आम्ही निवडक रुग्णांवर संमोहन उपचार करतो, म्हणजे क्लिनिकल हिप्नोथेरपी.

इथे पन्नाशी ओलांडलेले जे आहेत, त्यांना आठवत असेल. गणेशोत्सवात जादूच्या प्रयोगांबरोबर हिप्नॉटिझमचेही प्रयोग असायचे. काळा कोट घातलेले गृहस्थ प्रेक्षकांतून चार पोरं वर बोलवायचे, झोपवायचे आणि कांदा हातात देऊन सफरचंद म्हणून खायला लावायचे. सगळा मंडप हसायचा, आम्हीही हसलो आहोत. पण त्या हसण्यातून एक समज पक्का बसला, की संमोहन म्हणजे दुसऱ्याने आपल्या मनाचा ताबा घेणं. त्यामुळे आजही रुग्णाला हा उपचार सुचवला की पहिला प्रश्न येतो, "मी उठलोच नाही तर?"

तर आधी तेच सांगतो. संमोहन म्हणजे झोप नव्हे आणि बेशुद्धीही नव्हे. चांगल्या गवयाची मैफल रंगली की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही, गाडी हाकताना आपण घरी कसे पोहोचलो ते आठवत नाही. तशी ही एकाग्रता असते. माणूस जागा असतो, आवाज ऐकतो, नको असलेली सूचना नाकारू शकतो. फक्त लक्ष एका ठिकाणी इतकं गोळा झालेलं असतं, की योग्य सूचना नेहमीपेक्षा खोल उतरते. आणि न उठण्याचं म्हणाल, तर उपचारक मध्येच निघून गेला तरी माणूस थोड्या वेळाने आपोआप डोळे उघडतो.

याचा इतिहास मजेदार आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये मेस्मर नावाचा डॉक्टर शरीरातल्या चुंबकीय प्रवाहाची भाषा करत असे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली, तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. समितीने निकाल दिला, की असा कोणताही प्रवाह नाही, जे घडतं ते कल्पनेच्या बळावर. मेस्मरची अब्रू गेली. पण कल्पनेच्या बळावर एवढं घडतं कसं, हा खरा प्रश्न तेव्हा कोणी फारसा धरून ठेवला नाही. पुढे मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यविशारदाने १८४३ मध्ये पुस्तक लिहून त्याला चुंबकाच्या जागी मज्जासंस्थेचा आधार दिला. हिप्नॉटिझम हा शब्द रूढ झाला तो त्याच्यामुळे.

आपल्या देशाचाही यात मोठा वाटा आहे. १८४५ साली बंगालमध्ये हुगळी इथे जेम्स एस्डेल नावाचा कंपनी सरकारचा स्कॉटिश डॉक्टर होता. भूल देण्याची औषधं अजून यायची होती. शस्त्रक्रिया म्हणजे चार माणसांनी रुग्णाला धरून ठेवायचं आणि डॉक्टरने घाई करायची. एस्डेलने रुग्णांना तासन्‌तास मेस्मरच्या पद्धतीने गुंगवून शेकडो शस्त्रक्रिया केल्या. सरकारने समिती नेमली, कलकत्त्यात त्याला वेगळं रुग्णालयही दिलं. पण १८४६ मध्ये बोस्टनला ईथर आलं, पाठोपाठ क्लोरोफॉर्म आलं. बाटलीतलं औषध सगळ्यांना लागू पडत होतं आणि काही मिनिटांत काम करत होतं. एस्डेलची पद्धत मागे पडली, ते योग्यच झालं. आज बेल्जियममधल्या लीएज इथे काही शस्त्रक्रियांमध्ये संमोहन वापरतात. पण तिथेही जागेवरची भूल आणि थोडं औषध यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे. 'जोडीला' हा शब्द लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आता पोटाकडे येऊ. इंदूरकरांसमोर पोटाबद्दल बोलायचं म्हणजे जोखीमच! सकाळी पोहे-जिलेबी, रात्री सराफा, आणि मधल्या वेळात शेव. तरीही सांगतो, सगळा दोष शेवेचा नाही. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, ज्याला आयबीएस म्हणतात, त्यात पोटात कळ येते, फुगतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. आणि तपासण्या बघाव्यात तर सगळ्या स्वच्छ.

एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. बँकेतून निवृत्त झालेले, वय साठीच्या आसपास. एके काळी सार्वजनिक आरतीत सगळ्यांत वरचा आवाज त्यांचा. पाच-सहा वर्षांत सगळं आटलं. लग्नाला जायचं नाही, पंगतीला बसायचं नाही. घराबाहेर पडलं की पहिला शोध शौचालयाचा. मुलगी पुण्याला दिलेली. नातवाचं बारसं झालं, तेव्हा गाडीतल्या रात्रीच्या धसक्याने हे गेले नाहीत. बायको एकटी गेली. नातेवाइकांत चर्चा झाली, की जावयाशी काही बिनसलं असेल. पोटामुळे आलो नाही, हे सांगायची त्यांना लाज वाटली.

दुर्बिणीची तपासणी झाली. आमच्यापैकी डॉक्टरने हसत हसत सांगितलं, "काका, सगळं नॉर्मल आहे, काही नाही!" आणि त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोलतोय का?" त्या एका वाक्याने आमचे डोळे उघडले. असं 'काही नाही' आम्ही तोवर शेकडो लोकांना सांगितलं असेल. काही नाही म्हणजे व्रण नाही, गाठ नाही, एवढंच. त्रास असतोच. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंमार्फत सतत देवाणघेवाण चालू असते. परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो तो तिथूनच. आयबीएसमध्ये ही तार जास्त ताणलेली असते. आतड्याची साधी हालचालही कळ म्हणून जाणवते, कळेची भीती वाटते, भीतीने आतडी आणखी आवळतात. हे चक्र खरं आहे, नाटक नाही.

मँचेस्टरमध्ये पीटर व्होरवेल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या आजाराच्या ३० हट्टी रुग्णांवर संमोहनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. संमोहन मिळालेल्या गटात स्पष्ट फरक दिसला. पुढे त्याच केंद्राने २०० हून अधिक रुग्णांचा पाठपुरावा केला. सुमारे ७१ टक्क्यांना आधी गुण आला आणि त्यांतल्या बहुतेकांचा तो पुढची वर्षंही टिकला. ब्रिटनच्या २००८ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत, औषधांनी बारा महिन्यांत आराम पडला नाही तर ज्या मानसोपचारांचा विचार करावा, त्यांत संमोहनही आहे.

आता आमची चूक. काकांचे पहिले दोन प्रयोग आम्ही हिंदीतून केले. ते आमच्याशी दवाखान्यात हिंदीच बोलायचे, बँकेतली सवय. आम्हीही शिकलेलं हिंदीत म्हणत गेलो. डोळे मिटून ते शहाण्यासारखे बसले, पण काही उतरलं नाही. तिसऱ्या वेळी सहज विचारलं, "काका, अगदी निवांत कुठे वाटतं तुम्हाला?" ते मराठीत म्हणाले, "महेश्वरला. लहानपणी आजी घाटावर न्यायची. मी पायरीवर बसायचो, पाय पाण्यात सोडून." आम्ही तिथून पुढे मराठीच धरली. हाताची ऊब पोटावर, आणि नर्मदा जशी घाटाला लागून न थांबता, न उसळता वाहते, तशी पोटातली वाट. "निवांत" हा त्यांचाच शब्द आम्ही त्यांना परत दिला. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सुटलेल्या आम्ही दोघांनी पाहिल्या.

आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेल्या घरांमध्ये व्यवहार हिंदीत होतो, पण ठेच लागली की "आई गं"च येतं. सूचना त्या भाषेतून दिली तर लवकर पोहोचते, हा आमचा अनुभव. मुलांशी घरी मराठी का बोलावी, याचं हे एक वैद्यकीय कारण समजा!

तीन महिने ते आले, रोज घरी वीस मिनिटं सराव केला. आजार समूळ गेला का? नाही. महिन्यातले चार दिवस अजूनही त्रासाचे असतात. पण दुसऱ्या नातवंडाच्या बारशाला ते पुण्याला गेले, गाडीने, रात्रभराचा प्रवास करून. परत आल्यावर आम्हाला घुगऱ्या आणून दिल्या.

हे घडतं कसं, याचा थोडा अंदाज आता आला आहे. १९९७ मध्ये कॅनडात पिएर रेनव्हिल यांच्या गटाने लोकांचे हात कढत पाण्यात ठेवून मेंदूची छायाचित्रं घेतली. वेदना कमी त्रासदायक वाटेल, अशी सूचना संमोहनात दिल्यावर वेदनेचा त्रास ज्या भागात नोंदला जातो तिथली हालचाल बदलली. पाणी तेवढंच गरम होतं. म्हणजे दुखणं आणि दुखण्याचा जाच, या दोन गोष्टी काही अंशी वेगळ्या करता येतात.

कुठे उपयोग होतो? आयबीएस, शस्त्रक्रियेआधीची भीती, दातांच्या डॉक्टरची किंवा सुईची धास्ती, जुनाट वेदना, काळजीमुळे उडालेली झोप. बिडी-सिगारेट सुटते म्हणून जाहिराती असतात, तिथे पुरावा अजून कच्चा आहे. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांची औषधं संमोहनाने सुटत नाहीत. मागचा जन्म दाखवतो म्हणणाऱ्याला दुरून नमस्कार करावा. संमोहनात आठवलेली गोष्ट खरीच असते असं नाही, मन ती रचूही शकतं. भास-भ्रमाचा आजार असलेल्यांनी मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचं. एक बाई 'गॅस'साठी थेट संमोहन मागायला आल्या. बोलता बोलता कळलं, वजन उतरलंय, शौचातून रक्त जातंय. आम्ही आधी तपासणी केली. आजार वेगळाच निघाला, शस्त्रक्रिया झाली, आज त्या बऱ्या आहेत. आम्ही त्यांना डोळे मिटायला लावून नदी दाखवत बसलो असतो तर? म्हणून आधी निदान, मग उपचार, आणि संमोहन त्यांच्या जोडीला. उपचारक निवडतानाही मानसोपचारात एम.डी. केलेला डॉक्टर किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आहे का, हे स्वच्छ विचारावं. विचारण्यात संकोच नको.

जाता जाता घरी करता येईल असं थोडं सांगतो. रात्री पाठ टेकून बसा. दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून पोटावर ठेवा. श्वास सावकाश सोडा, सोडताना घ्यायच्या दुप्पट वेळ. आपली एक निवांत जागा आठवा. आजोळचं अंगण, देवघर, कुठलीही. तिथला प्रकाश, वास, आवाज एकेक करून आठवा. हाताची ऊब आत पसरते आहे एवढंच मनात म्हणा. दहा मिनिटं पुरे. गाडी चालवताना मात्र कधीही नाही. याला संमोहन उपचार म्हणता येणार नाही, पण त्याच घराचा हा उंबरठा आहे.

शेवटी एक विनंती. घरात कोणी वारंवार पोट दुखतं म्हणून पंगत टाळत असेल, प्रवास टाळत असेल, तर "काही नाही, मनाचं आहे" म्हणून हसू नका. मनाचं असलं तरी ते दुखतंच. आमच्या त्या काकांनी आज सकाळची आरती म्हटली, हे तुमच्यातल्या अनेकांनी ऐकलं आहे. फक्त तेच ते काका, हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि आम्ही सांगणारही नाही.

गणपती बाप्पा मोरया!