घरासाठी नवी वातानुकूलन यंत्रणा निवडताना



किलवणी आणि सिल्वासा परिसरातील वारली कुटुंबांची जुनी घरे पाहिली, तर उन्हापासून बचाव करण्याची एक अनुभवसिद्ध रीत त्यांत दिसून येते. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणमातीचा लेप आणि वर गवताचे अथवा कौलांचे उतरते छप्पर अशी ही रचना. कौलांच्या सांधींतून तापलेली हवा निघून जाते आणि घर रात्री लवकर निवते. पुढे उद्योगधंदे वाढले, तशी सिमेंट-काँक्रीटची पक्की घरे उभी राहिली. ही घरे टिकाऊ खरी. परंतु दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडीत राहतो. त्यामुळे ऐपत असलेली कुटुंबे वातानुकूलनाकडे वळली. मोठ्या घरांतून एकाच यंत्राची थंड हवा वातनलिकांवाटे सर्व खोल्यांना पुरविणारी मध्यवर्ती व्यवस्थाही बसविली जाते.

अशी यंत्रणा बारा-पंधरा वर्षांनी थकते आणि बहुधा ऐन मे महिन्यात बंद पडते. घरात वृद्ध आई-वडील असतात, तान्हे मूल असते. उकाड्याने कोणास झोप नसते. अशा घाईच्या वेळी, "जुने यंत्र चार टनांचे होते, आता पाच टनांचे घ्यावे," असा सल्ला मिळतो आणि तो मानला जातो. पुढील पंधरा वर्षांच्या नुकसानीचे मूळ पुष्कळदा याच निर्णयात असते.

टन म्हणजे काय?

येथे टन हे यंत्राचे वजन नव्हे. पूर्वी बर्फाने थंडावा आणीत असत. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता घराबाहेर टाकण्याची शक्ती म्हणजे एक टन. सुमारे साडेतीन किलोवॅट. यंत्र थंडी निर्माण करीत नाही, ते घरातील उष्णता उचलून बाहेर नेते. म्हणून यंत्र केवढे असावे, हे घरात किती उष्णता शिरते यावरच ठरले पाहिजे.

ओलाव्याचा प्रश्न

नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचे ताटे आणि पाण्याचे कूलर उत्तम काम देतात. किलवणीची हवा समुद्र जवळ असल्याने दमट असते. तेथे पाण्याची वाफ करून मिळणारा गारवा फारसा लाभत नाही. येथे हवा थंड करण्याइतकेच ती कोरडी करणेही महत्त्वाचे आहे. अमेरिकेत विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये आपली पहिली वातानुकूलन यंत्रणा आखली, तीही ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत असे म्हणून.

हवेतील एक लिटर पाणी तासाभरात काढून टाकण्यासाठी सुमारे ०.७ किलोवॅट, म्हणजे टनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा, शक्ती खर्ची पडते. शिवाय त्यास वेळ लागतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली चटकन थंड करते आणि थांबते. ओलावा मात्र तसाच राहतो. खोली गार पण कोंदट होते, भिंतींना बुरशी धरते. इन्व्हर्टर पद्धतीचे यंत्र आपला वेग कमी करू शकते. परंतु त्यालाही खालची मर्यादा असतेच.

आधी घर, मग यंत्र

यास्तव नवे यंत्र घेण्यापूर्वी घराकडे पाहावे. गच्चीला पांढरा चुना अथवा पांढऱ्या फरशीचे तुकडे लावावेत, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली करावी, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात. त्यानंतर प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ, भिंतींची दिशा, छत, काचा, माणसे आणि उपकरणे यांचा हिशेब तज्ज्ञाकडून लेखी मागावा. जुन्या यंत्रावरील आकडा पाहून अंदाज सांगणाऱ्यावर विसंबू नये. चार टनांच्या घराला तीन टन पुरेसे आहेत, असेही या हिशेबातून निघू शकते.

वातनलिकांची तपासणीही तितकीच अगत्याची आहे. तापलेल्या स्लॅबखालून जाणारी नलिका फुटकी किंवा उष्णतारोधक आवरणाविना असेल, तर विकत घेतलेला थंडावा वाटेतच नाहीसा होतो. नलिका निकामी झाल्या असतील आणि घरातील दोनच खोल्या नित्य वापरात असतील, तर त्या खोल्यांपुरती स्वतंत्र यंत्रे बसविणे अधिक किफायतशीर ठरते.

वायू आणि विजेचा खर्च

जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोनच्या थरास घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ असतो. केवळ बाहेरचा भाग बदलून आतील जुनी कुंडले तशीच ठेवणे योग्य नव्हे. दोन्ही भाग परस्परांस अनुरूप असावे लागतात. आर-३२ काही अंशी ज्वलनशील असल्याने प्रशिक्षित कारागीरच बोलवावा, आणि जुना वायू हवेत न सोडता टाकीत भरून घेण्यास त्यास सांगावे.

खोलीच्या यंत्रावरील तारे व कार्यक्षमतेचा आकडा ऊर्जा दक्षता ब्युरोच्या पद्धतीने ठरतो; मध्यवर्ती यंत्रासाठी उत्पादकाकडून तसाच आकडा लेखी घ्यावा. त्याचा अर्थ साधा आहे. समजा, वर्षभरात घरातून ५,००० युनिट उष्णता काढावयाची आहे. ३.५ आकड्याचे यंत्र त्यासाठी सुमारे १,४३० युनिट वीज घेईल, तर ५ आकड्याचे १,०००. वाचलेल्या ४३० युनिटांना आपल्या वीजदराने गुणावे. महाग यंत्राची जादा किंमत किती वर्षांत भरून येईल, ते कळेल. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-यंत्रे २४ अंशांवर लावलेलीच विक्रीस येतात. पंख्याच्या जोडीने हे तापमान बहुतेकांस सुखावह वाटते.

म्हणून जुने यंत्र कुरकुर करू लागताच, हिवाळ्यातच ही सर्व चौकशी उरकावी. मे महिन्यातील घाई महागात पडते. जुन्या कुडाच्या घराने शिकविलेला धडा नव्या घरासही लागू आहे: उष्णता आत आल्यावर ती बाहेर काढण्यापेक्षा तिला दाराशीच अडविणे स्वस्त पडते. एवढे केल्यावर जे यंत्र लागेल, ते लहान असेल, कमी वीज खाईल आणि घरातील वृद्धांना व बालकांना शांत झोप देईल.