परमुलखातील खाते

मुडबी हे माझे गाव बिदर जिल्ह्यात, बसवकल्याण तालुक्यात, कलबुर्गी जिल्ह्याच्या शिवेजवळ आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी, कचेरीत कन्नड, अशी भाषांची वाटणी येथे फार जुनी. अशा गावात शाळामास्तराला शिकवण्याखेरीज आणखी एक काम करावे लागते. ते म्हणजे लोकांचे अर्ज भरून देणे. माझ्या आधीचे मास्तर तगाईचे अर्ज लिहीत असत. माझ्याकडे पासपोर्टाचे आणि बँकेचे येतात. आज मी ज्या व्यवहाराविषयी बोलणार आहे तो दिसायला लहान आहे. पोटासाठी परदेशी गेलेल्या माणसाने तेथील बँकेत स्वतःच्या नावाने खाते उघडावे, एवढाच तो व्यवहार. पण तो न साधल्यामुळे एका घराची काय गत झाली हे मी जवळून पाहिले आहे, आणि त्यात थोडा दोष माझ्याही हाताचा आहे.

पैशाच्या बाबतीत परके ठरण्याचा अनुभव आमच्या भागाला नवा नाही. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचे नाणे निराळे. त्याला हाली सिक्का म्हणत. इंग्रजी अमलातील रुपया तो कलदार. सात हाली रुपये दिले म्हणजे सहा कलदार मिळत. सोलापूर हा काही परदेश नव्हे. पण कमरेला हाली बांधून सोलापूरच्या पेठेत गेलेला आमचा शेतकरी तेथे पैशापुरता परदेशीच असे. हे नाणे संस्थान गेल्यानंतरही १९५९ पर्यंत चालू होते. संस्थानची स्वतःची बँक १९४१ साली कायद्याने स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिचा कारभार सुरू झाला. तीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद म्हणून नावारूपास आली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

त्या काळी आणि पुढेही कितीतरी वर्षे आपल्याकडे खाते उघडायचे म्हणजे ओळख देणारा माणूस लागे. माझ्या वडिलांचे खाते तालुक्याच्या गावी एका कापडदुकानदाराच्या सहीवर उघडले गेले. तो बँकेचा जुना खातेदार होता. ‘या गृहस्थांना मी ओळखतो’ अशा अर्थाच्या मजकुराखाली त्याने सही केली, आणि बँकेच्या दृष्टीने माझे वडील अस्तित्वात आले! काळ्या पैशाच्या उलाढालीला आळा घालणारा २००२ चा कायदा आणि त्याखालील २००५ चे नियम आल्यावर माणसाच्या सहीचे महत्त्व ओसरले व तिची जागा कागदांनी घेतली. हे योग्यच झाले असे माझे मत आहे. कारण ज्याला कोणी कापडदुकानदार ओळखत नव्हता, त्या मजुराला पूर्वी बँकेची पायरीच चढता येत नसे. तथापि कागद हा माणसापेक्षा कडक परीक्षक असतो. दुकानदार तुमचा चेहरा पाही. कागद अक्षरे पाहतो.

परदेशात गेल्यावर बँक मुख्यतः तीन गोष्टी विचारते. तुम्ही कोण? राहता कोठे? आणि तुमचा पैसा येतो कोठून? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पासपोर्ट देतो. खरी अडचण दुसऱ्यापासून सुरू होते. इंग्लंडात गेलेल्या आपल्या मुलामुलींचा अनुभव असा की, बँक राहत्या जागेचा पुरावा मागते, म्हणजे भाड्याचा करार किंवा विजेचे बिल. आणि घरमालक भाड्याने जागा देण्यापूर्वी बँकेच्या खात्याचा उतारा पाहू म्हणतो. आधी लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, या आपल्या म्हणीचा अर्थ त्यांना परमुलखात नीट कळतो. जर्मनीने निराळी तऱ्हा काढली आहे. तेथे शिकायला जाणाऱ्याने देशात पाऊल ठेवण्यापूर्वीच वर्षाच्या खर्चाची रक्कम एका बंद खात्यात भरावी, आणि मग ती त्याला दरमहा हप्त्याने मिळावी, अशी पद्धत आहे. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, अशी ठरवली गेली. युरोपीय संघाने तर २०१४ साली असा दंडक घालून दिला की, संघाच्या देशांत कायदेशीर रीतीने राहणाऱ्या कोणालाही साधे खाते मिळण्याचा हक्क आहे, निर्वासितालासुद्धा.

आपल्या देशात येणाऱ्या परकीयालाही हेच प्रश्न पडतात, हे आपण विसरू नये. प्रवासी म्हणून आलेल्या परदेशी माणसाला येथे जास्तीत जास्त सहा महिन्यांपुरते खाते उघडता येते. शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पासपोर्ट व व्हिसा दाखवून खाते मिळते. पण राहण्याच्या पत्त्याचा पुरावा त्याने तीस दिवसांच्या आत आणून द्यावा लागतो.

असो. आमच्या गावची मुले इंग्लंड-जर्मनीला क्वचितच जातात. ती पुण्यामुंबईला जातात, हैदराबादला जातात, आणि त्यापलीकडे गेली तर आखातात. संयुक्त अरब अमिरातींत २००९ पासून असा नियम झाला की, मालकाने मजुराचा पगार हातावर न ठेवता बँक किंवा सरकारमान्य हुंडीघर यांच्यामार्फतच द्यावा. नियम मजुराच्या भल्याचा आहे, यात शंका नाही. पगार दिला की बुडवला हे सरकारला कागदावर दिसते. पण येथे एक सूक्ष्म भेद आहे. कमी पगाराच्या मजुराला बहुधा पगाराचे कार्ड मिळते, खाते मिळत नाही. कार्डावर पगार येतो, यंत्रातून काढता येतो. परंतु कार्ड हे मालकाच्या नोकरीला बांधलेले असते. शिल्लक टाकावी, ती वर्षानुवर्षे आपल्या नावावर वाढावी, त्यासाठी खाते लागते. आणि खात्यासाठी तेथील ओळखपत्र, निवासाचा परवाना आणि मालकाचा पगाराचा दाखला इतके तर लागतेच. शिवाय पगार अमुक रकमेच्या वर असला पाहिजे, अशी पुष्कळ बँकांची अट असते.

माझा एक विद्यार्थी दुबईला गेला. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्या नावात एक ‘व’ आहे एवढे पुरे. आपला हा ‘व’ रोमन लिपीत कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने. माझ्या हाताला डब्ल्यूची सवय. दहावीच्या परीक्षेचा अर्ज मी भरला, तेव्हा मी डब्ल्यू लिहिला. तोच त्याच्या गुणपत्रिकेवर छापून आला. पुढे आधार कार्डावर व्ही आला, आणि पासपोर्ट आधारावरून झाल्यामुळे तेथेही व्ही. मुलाला याचे काहीच वाटले नाही. मलाही वाटले नसते. दुबईत त्याच्या कंपनीच्या कारकुनाने हजेरीपटावर नाव चढवताना गुणपत्रिकेची प्रत समोर ठेवली होती. म्हणून पगाराच्या दाखल्यावर डब्ल्यू उमटला, पासपोर्टावर व्ही होता, आणि बँकेने अर्ज परत केला.

कारकुनाला ते एक अक्षर बदलायला अकरा महिने लागले. या अवधीत मुलाने काय करावे? दरमहा कार्डावरचा पगार काढायचा, थोडा घरी पाठवायचा, आणि उरलेला त्याच खोलीत राहणाऱ्या, लातूरकडच्या एका मित्राच्या खात्यात ठेवायचा, असे त्याने ठरवले. मित्र वयाने मोठा, दहा वर्षे तेथे मुरलेला. बहिणीच्या लग्नासाठी म्हणून साडेआठ हजार दिरहम साठले. आपल्या हिशोबाने दोन लाखांच्या आसपास.

मित्राची कंपनी एकाएकी बंद पडली. त्याने बँकेकडून कर्ज घेतले होते. पगार थांबताच बँकेने त्याच्या खात्यातील सर्व शिल्लक कर्जापोटी वळती करून घेतली. त्यात माझ्या विद्यार्थ्याचे साडेआठ हजारही गेले. बँकेला दोष कसा द्यावा? तिच्या वहीत त्या पैशाचा धनी एकच होता, ज्याचे नाव खात्यावर होते तो. मित्रालाही मी लबाड म्हणणार नाही. गावी परतल्यावर त्याने दोन वर्षांत थोडे थोडे करून निम्म्याच्या आसपास पैसे फेडले. बाकीचे फेडायला त्याच्याजवळ काही उरले नव्हते. पण लग्नाची तिथी दोन वर्षे थांबणार नव्हती. मुलाच्या वडिलांनी शेकडा तीन रुपये महिना व्याजाने कर्ज काढले. ते अजून पुरते फिटलेले नाही.

मला हे सारे त्याने नाताळच्या रात्री फोनवर सांगितले. मुळात तो सणाच्या शुभेच्छा देण्यासाठी बोलत होता. मी सहज विचारले, “बँकेचे काम का अडले होते रे?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “सर, ते अक्षराचे होते. व्ही-डब्ल्यूचे.” कोणाच्या हातचे अक्षर, हे त्याने सांगितले नाही. मी दुसऱ्या दिवशी जुन्या अर्जांच्या प्रती काढून पाहिल्या.

दुसऱ्याच्या खात्यात पैसा ठेवण्याचे दुःख केवळ गरिबाच्या वाट्याला येते असे मात्र नाही. आमच्या निजामाचीच गोष्ट पाहा. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबादेत आले. त्यानंतर दोनचार दिवसांतच, २० सप्टेंबरला, संस्थानचे लंडनमधील वेस्टमिन्स्टर बँकेतले दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड नऊ शिलिंग तेथील पाकिस्तानच्या हायकमिशनरांच्या नावावर वळते करण्यात आले. लागलीच निजामाने ते परत मागितले. हे वळते करणे माझ्या संमतीने झालेले नाही, असे त्याचे म्हणणे होते. बँक म्हणाली, ज्याच्या नावावर खाते आहे त्याच्या संमतीवाचून पैसे देता येत नाहीत. प्रकरण इंग्लंडच्या वरिष्ठ सभागृहापर्यंत गेले, आणि १९५७ साली परकीय राष्ट्रावर दावा चालत नाही या मुद्द्यावर अडून पडले. अखेर लंडनच्या न्यायालयाने २ ऑक्टोबर २०१९ रोजी भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला. तोपर्यंत रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती आणि मीर उस्मान अली खान यांना जाऊन बावन्न वर्षे झाली होती. निजामाजवळ एकाहत्तर वर्षे भांडण्याइतके वकील होते. माझ्या विद्यार्थ्याजवळ खोलीतल्या मित्राचा शब्द होता.

आता जाणाऱ्यांसाठी घरच्या खात्याविषयी दोन शब्द. कारण तेथेही आमचे लोक हटकून चुकतात. परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९ चा, आणि तो १ जून २००० पासून लागू आहे. या कायद्याप्रमाणे नोकरीसाठी देश सोडलेला माणूस लगेच अनिवासी ठरतो. त्याचे गावातले साधे बचत खाते मग तसेच ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते अनिवासी साधारण खाते करून घ्यावे लागते. शेताचा खंड, घरभाडे अशी येथली मिळकत त्यात जमा होते. परदेशातल्या कमाईसाठी निराळे अनिवासी बाह्य खाते असते. त्यातील व्याजावर येथे प्राप्तिकर नाही, आणि पैसा पुन्हा बाहेर नेण्यास मोकळीक आहे. या दुसऱ्या खात्यात येथे राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाचे नावही जोडता येते, आणि अधिकारपत्र दिले तर मुलाच्या माघारी वडिलांना त्यातून घरखर्चासाठी पैसे काढता येतात. आमच्याकडे मात्र मुलगा दुबईला, खाते जुनेच, आणि त्याचे कार्ड धाकट्या भावाच्या खिशात, अशी रीत पडली आहे. कोणी हटकत नाही तोवर चालते. हटकले की सारी धावपळ माझ्या ओट्यावर येते.

आणि जाण्यापूर्वी नावे तपासा, हे मी आता ज्याला त्याला सांगत असतो. पासपोर्ट, आधार, पॅन, गुणपत्रिका, बँकेची वही, हे पाच कागद एका ओळीत मांडावेत आणि अक्षरागणिक वाचावेत. आमच्या सीमाभागात हे विशेष जरूर आहे. आजोबाचे नाव उर्दू दप्तरात एक, पहाणीवर कन्नडमध्ये दुसरे, घरी मराठीत तिसरे. आडनाव लावण्याची चाल कोणाकडे आहे, कोणाकडे नाही. कित्येक म्हाताऱ्या माणसांच्या पासपोर्टात आडनावाची जागा कोरीच असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातींनी असे जाहीर केले की, पासपोर्टावर एकाच शब्दाचे नाव असलेल्याला पाहुणा म्हणून प्रवेश मिळणार नाही. त्या वेळी मुलाकडे चार दिवस राहायला निघालेल्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. त्यांना मी काय सांगणार! “एवढी वर्षं एकच नाव पुरलं की रं मास्तर,” असे म्हणून त्या परत गेल्या.

माझ्या विद्यार्थ्याचे खाते आता त्याच्या स्वतःच्या नावाने आहे, व्हीने. गुणपत्रिकेवर मात्र अजून डब्ल्यूच आहे. येत्या सुटीत तो गावी यायचा आहे. दुरुस्तीसाठी बोर्डाकडे जायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे; चूक शाळेच्या हातून झाली असे त्यात नमूद केले आहे. त्याची सही तेवढी बाकी आहे.