मृत जीवाणूंचे आरोग्यकार्य
(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा विषयासाठी मला दूर जावे लागले नाही. मार्गशीर्षातील वेळ अमावस्येस आपल्या धाराशिव जिल्ह्यात शेतोशेती आंबिलीचे बिंदगे पोहोचते. ही आंबील करण्याच्या निरनिराळ्या रीती आहेत. कोणी ज्वारीचे पीठ ताकात आंबवून मग शिजवितात. कोणी पीठ आधी शिजवून, निवल्यावर त्यात ताक घालतात. दुसऱ्या रीतीत ताकातील जीवाणू जिवंतच पोटात जातात, पहिलीत ते चुलीवरच मरतात. उकळलेल्या कढीचेही तेच. मग शिजविलेल्या आंबटाचा गुण गेला काय, असे शिकलेल्या मुली हल्ली विचारतात, आणि प्रश्न वाजवी आहे.

१९०८ सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे मेचनिकॉफ यांनी दह्यातील जीवाणूंची महती जगास सांगितली. तेव्हापासून जीवाणू जिवंत असला तरच हितकर, असा समज रूढ झाला. तथापि मेलेला जीवाणू अगदीच निरुपयोगी नसतो, याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगचे जंतू उष्णतेने मारून त्यांची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ते जंतू रोगाचे होते, आपल्या विषयातील जीवाणू मित्रपक्षाचे आहेत, हा भेद विसरता कामा नये. परंतु तत्त्व जवळचे आहे. जीवाणू मेला तरी त्याच्या भित्तिकेचे घटक पुष्कळसे शिल्लक राहतात, आणि आतड्यातील संरक्षक पेशी ते ओळखतात.

फ्रान्समध्ये १९०७ साली बुकार यांनी वेगळ्या केलेल्या लॅक्टोबॅसिलसपासून, उष्णतेने मारलेल्या जीवाणूंचे अतिसारावरील औषध पुढे प्रचारात आले. काही चाचण्यांत मुलांचा अतिसार त्याने थोडा लवकर थांबला. लाभ माफकच होता. २०१९ साली बेल्जियममध्ये सुमारे तीस स्थूल व्यक्तींना ॲकरमान्सिया नावाचा जीवाणू तीन महिने देण्यात आला. पाश्चरीकरण करून मारलेल्या जीवाणूंनी इन्शुलिनचे कार्य सुधारल्याचे दिसले. चाचणी लहान होती, हे ध्यानी असावे. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने अशा मृत जीवाणूंच्या हितकर सिद्धतेस ‘पोस्टबायोटिक’ अशी संज्ञा निश्चित केली.

मृताचे दोन फायदे उघड आहेत. आपल्याकडील वैशाखात त्यास जिवंत ठेवण्याची चिंता नाही. आणि तो शरीरात वाढू शकत नाही. दुसरी गोष्ट क्षुल्लक नव्हे. अकाली जन्मलेल्या अर्भकाच्या रक्तात जिवंत प्रोबायोटिक शिरल्यास ते घातक ठरू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२३ साली डॉक्टरांना तसा इशारा दिला.

आता आपली आंबील पोस्टबायोटिक म्हणावयाची काय? शास्त्राच्या भाषेत, नाही. त्यासाठी जीवाणू कोणता, तो कसा मारला, मात्रा किती आणि माणसात गुण दिसला काय, हे सारे ठाऊक असावे लागते. आपल्या बिंदग्यात प्रत्येक घरचे ताक निराळे. म्हणून चुलीने तिचा सारा गुण नेला असे म्हणणे जितके उतावीळपणाचे, तितकेच तिला औषध म्हणणेही. निरोगी माणसाने ती आवडीने खावी. ज्वारीचे सत्त्व तर कोठे जात नाही. बाजारातील पुडीवर मात्र जीवाणूच्या वाणाचे नाव व मात्रा नसेल, तर पैसे देऊ नयेत.

भगिनींना विशेष विनंती. तान्ह्यास जुलाब झाले असता कढी, आंबील वा पुडी यांवर वेळ दवडू नये. जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, पुडी तीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट द्यावी, अंगावरचे दूध चालू ठेवावे, आणि झिंकच्या गोळ्या डॉक्टर सांगतील त्या मात्रेने, जुलाब थांबले तरी, चौदा दिवस पुऱ्या कराव्यात. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले किंवा मूल मलूल पडले, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.