हृदयधमन्यांच्या शाखास्थानी अडथळा : उपचार आणि विवेक

हृदयाच्या स्नायूला रक्तपुरवठा करणाऱ्या धमन्या जेथे दुभागतात, तेथे मेदयुक्त थर साचण्याची शक्यता अधिक असते. दोन शाखांमधील पाचरीवर रक्तप्रवाहाचा जोर राहतो. तिच्या विरुद्ध बाजूच्या भिंतींलगत मात्र तो मंदावतो आणि तेथेच थर धरू लागतो. अँजिओप्लास्टीने उपचार केल्या जाणाऱ्या अडथळ्यांपैकी सुमारे १५ ते २० टक्के अडथळे शाखास्थानी आढळतात.

आन्द्रेआस ग्रुन्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे फुग्याच्या साह्याने हृदयधमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली. पुढे स्टेंट, म्हणजे धातूची सूक्ष्म जाळी, प्रचारात आली. तथापि, शाखास्थानाचा पेच कायम राहिला. मुख्य धमनीत स्टेंट बसविताना उपशाखेचे तोंड आवळले जाऊ शकते. उपशाखा मोठी असल्यास ती बंद पडून हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका असतो.

मग दोन्ही शाखांत स्टेंट बसविणे अधिक सुरक्षित नव्हे काय? नॉर्डिक देशांतील ४१३ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर दोन्ही पद्धतींचे परिणाम जवळपास सारखेच होते. मात्र दोन स्टेंटच्या पद्धतीत प्रक्रियेचा कालावधी वाढला व हृदयस्नायूच्या इजेच्या रक्तातील खुणाही अधिक आढळल्या. म्हणूनच ‘प्रथम मुख्य धमनीत एक, गरज भासल्यासच उपशाखेत दुसरा’ हे धोरण बहुतांश रुग्णांसाठी मान्य झाले.

याला अपवाद आहेत. उपशाखा मोठी असून तिच्यातील अडथळा लांबवर पसरला असेल, तर आरंभापासूनच दोन स्टेंटचा विचार होतो. डाव्या मुख्य धमनीच्या शाखास्थानाबाबत २०१७ मधील चीनच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाने दोन स्टेंटच्या एका विशिष्ट पद्धतीस अनुकूल कौल दिला. २०२१ मधील युरोपीय अभ्यासात मात्र दोन स्टेंटचा असा लाभ दिसला नाही.

भारतात या प्रश्नाला आर्थिक बाजूही आहे. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये, तर साध्या स्टेंटची ७,२६० रुपये निश्चित केली. मूल्यनियंत्रणामुळे प्रत्येक स्टेंटचा भार हलका होतो. परंतु अनावश्यक दुसरा स्टेंट टळला, तर रुग्णाचा खर्च आणि धोका दोन्ही कमी होतात. आरोग्यसेवेत परवडणाऱ्या दराइतकेच पुराव्यावर आधारलेल्या निर्णयालाही महत्त्व आहे, ते यामुळेच.