युरो रात्री एकला येतो
(रेडिओवरील भाषण)



एका तालुक्याच्या कचेरीत माझी नोकरी झाली. त्यातले बरेच पावसाळे आवारातल्या पर्जन्यमापकाने खाल्ले. सकाळी साडेआठला छत्री घेऊन जायचं, नरसाळं उचलायचं, बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा रजिस्टरात चढवायचा आणि जिल्ह्याला फोन लावायचा. एका आषाढात झड अशी लागली होती की ती चाळीस पावलं चालायचा मी कंटाळा केला आणि बसल्या जागी आकडा लिहून मोकळा झालो. ५२ मिलिमीटर. कुणाला कळलं नाही, कधी कळणारही नाही. तो खोटा ५२ मला मात्र अजून पाठ आहे.

ही कबुली द्यायचं कारण म्हणजे माझा भाचा. तो अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला असतो. २०१५च्या जानेवारीत मी त्याच्याकडे होतो. एका शनिवारी रात्री पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघराच्या ओट्याशी हा लॅपटॉप उघडून बसलेला. घड्याळात पाऊण वाजलेला. मला वाटलं, ऑफिसचं काही निघालं असेल. तर म्हणाला, "तू झोप मामा. युरो यायचाय."

युरो म्हणजे कुणी पाहुणा नव्हे. इंग्लंडमध्ये रेडिंग इथे युरोपीय देशांनी मिळून चालवलेलं हवामानाचं केंद्र आहे, त्या केंद्राचा अंदाज म्हणजे युरो. त्याचे दोन मोठे हिशेब होतात. त्यातला एक न्यू जर्सीत दुपारी एकच्या सुमाराला पोचतो, दुसरा रात्री एकच्या. अमेरिकेचा स्वतःचा अंदाज जीएफएस, तो दिवसातून चार वेळा. त्यातला रात्रीचा साडेदहाच्या आसपास सुरू होतो. म्हणजे ज्याला बर्फाचा नाद आहे त्याने जेवण उरकून जीएफएस बघायचा, तो मनासारखा नसला तर युरोच्या आशेवर जागायचं, आणि युरो मनासारखा आला तर आनंदाने झोप लागत नाही. हिवाळाभर हे चालतं. आमच्या भाचेसुनेने या जागरणाला नाव ठेवलंय, हरिजागर.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. या सगळ्या हिशेबांना जगभरातून एकाच वेळी सोडलेल्या हवामान-फुग्यांची मोजमापं लागतात. आपल्याकडे पहाटे साडेपाचला फुगा वर जातो तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. एडिसनला बर्फ पडणार का, याच्या हिशेबात मुंबईच्या आकाशातला एक आकडाही असतो. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग मुंबईवाल्यांना सांग, जरा मनावर घ्या."

आता तिथला भूगोल समजून घ्या. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बॉस्टन ही शहरं पूर्व किनाऱ्यावर एका दोरीत ओवल्यासारखी. पश्चिमेकडून-उत्तरेकडून कॅनडाची कोरडी थंड हवा उतरते आणि पूर्वेला समुद्रात गल्फ स्ट्रीमचा कोमट प्रवाह वाहतो. या दोहोंच्या सांध्यावर कमी दाबाचं क्षेत्र फोफावतं आणि किनारा धरून वर सरकतं. जमिनीवर वारा ईशान्येकडून येतो म्हणून त्याला नॉरईस्टर म्हणतात. ते किनाऱ्याला चिकटून गेलं तर समुद्राची ऊब आत शिरते आणि शहरांत बर्फाऐवजी नुसता गारठलेला पाऊस. लांबून गेलं तर बर्फ माशांच्या डोक्यावर. मधोमध जायला हवं. नादिष्ट लोकांनी समुद्रात एक जागाच नक्की करून ठेवली आहे, ४० अंश उत्तर आणि ७० अंश पश्चिम. तिला ते बेंचमार्क म्हणतात. तिथे खांब नाही, बेट नाही, फक्त पाणी. पण भाचा नकाशावर त्या जागेवर असं बोट ठेवायचा की मला आमच्या गावच्या वेशीवरचा म्हसोबा आठवायचा.

भाचा ज्याची वाट बघत होता ते वादळ त्या शनिवारी अजून जन्माला यायचं होतं. कॅनडाकडून निघालेला एक किरकोळ कमी दाब देशाच्या मधल्या भागातून पूर्वेला येत होता. तो समुद्रावर पोचणार आणि तिथे त्याचं रूप पालटणार. कुठे पालटणार, किती लवकर पालटणार, भांडण एवढ्यावरच होतं. युरो म्हणे, किनाऱ्याजवळ, न्यूयॉर्कवर फुटांनी बर्फ. जीएफएस म्हणे, जरा पूर्वेला, न्यूयॉर्कला कमी. आणि युरोच्या शब्दाला वजन होतं. २०१२मध्ये सँडी चक्रीवादळ समुद्रातून डावीकडे वळून न्यू जर्सीवर येणार, हे त्याने आठवडाभर आधी सांगितलं होतं. सँडीने भाच्याच्या घरची वीज कितीतरी दिवस घालवली होती. त्यामुळे युरोबद्दल त्याच्या मनात भीती आणि भक्ती सारख्याच मापात.

त्याचे तीन मित्र फोनवर सतत असायचे. एक लाँग आयलंडवर, एक मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरला, एक फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला. चौघांची मैत्री पंधरा वर्षांची, पण वादळ जवळ आलं की चौघेही मनातल्या मनात ते आपल्याकडे ओढायला लागतात. पूर्वेला सरकलं की वूस्टरवाला खूश, पश्चिमेला सरकलं की फिलाडेल्फियावाला. बोलताना सगळे शास्त्रीय बोलतात. जो फारच उघडपणे आपल्या अंगणात बर्फ पाडायला लागतो त्याला ते विशकास्टर म्हणतात. इच्छेलाच अंदाज समजणारा. भाचा रविवारी मला तास-दीड तास पटवत होता की जीएफएसची आवृत्ती त्याच महिन्यात बदलली आहे, नवीन आहे, तिच्यावर एवढ्यात विसंबू नये. मी मान डोलवत होतो. आमच्या वडिलांना पंचांगात मृगाचं वाहन गाढव निघालं की ते दुसऱ्या पंचांगात बघायचे, हे मी त्याला सांगितलं नाही.

रविवारी सरकारी हवामानखात्याने न्यूयॉर्क शहरासाठी आकडा दिला, २० ते ३० इंच. एडिसनलाही फुटांचीच भाषा. महापौरांनी सांगितलं की शहराच्या इतिहासातल्या मोठ्या हिमवादळांपैकी हे एक ठरू शकेल. सोमवारी एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती. तिथली गोरी माणसं वादळ आलं की दूध आणि ब्रेड नेतात. आपली माणसं दूध, दही आणि कणकेची पोती. माझ्यापुढच्या बाई कढीपत्त्याच्या चार जुड्या घेऊन उभ्या होत्या. दोन फूट बर्फात चार जुड्या कढीपत्ता कशाला लागतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

भाच्याची मुलगी तेव्हा सात वर्षांची. ती रात्री पायजमा उलटा घालून आणि उशीखाली चमचा ठेवून झोपली. असं केलं की बर्फ पडतो आणि शाळेला सुट्टी मिळते, असं तिथली सगळी पोरं मानतात. बापाची एकावन्न गणितं आणि तिचा एक चमचा. एकावन्न अशासाठी की युरो एकच हिशेब करत नाही. सुरुवातीचे आकडे किंचित इकडेतिकडे करून आणखी पन्नास करतो. एडवर्ड लोरेंझ नावाच्या शास्त्रज्ञाने १९६१मध्ये, तिथून फार लांब नाही, बॉस्टनशेजारी केंब्रिजला, संगणकाला ०.५०६१२७ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा दिला आणि कॉफी प्यायला गेला. परत येऊन बघतो तर पुढचं सगळं हवामान वेगळंच झालेलं. तेव्हापासून शहाणी माणसं एका उत्तरावर थांबत नाहीत. भाच्याने ती एकावन्न उत्तरं नकाशावर मांडून दाखवली. वादळाच्या केंद्राचे ठिपके समुद्रावर मोहरी सांडल्यासारखे पसरले होते.

"मग यातून वीस ते तीस इंच कुठून आले?" मी विचारलं.

"बातमीत मोहरी दाखवता येत नाही, मामा."

सोमवारी संध्याकाळी त्याने अंगणात पांढऱ्या रंगाची प्लायवुडची फळी ठेवली. बर्फ मोजायचा तो गवतावर नाही, कारण गवतात हवा राहते आणि आकडा फुगतो. फळीवर पट्टी उभी धरायची, इंचाच्या दहाव्या भागापर्यंत वाचायचं, आणि फळी झाडायची ती सहा तासांच्या आत नाही. दर तासाला झाडून मोजलं तर बर्फ स्वतःच्या वजनाने दबायच्या आधीच मोजला जातो आणि बेरीज वाढते. तिथे यावर भांडणं होतात. ती क्षुल्लक वाटतात खरी, पण पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१६च्या वादळात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आकडा २६.८ इंच असा जाहीर झाला. २००६चा विक्रम २६.९चा. एका दशांशाने हुकला म्हणून लोक हळहळले. तीन महिन्यांनी तपासणी झाली आणि खरा आकडा २७.५ ठरला. हे ऐकल्यावर माझ्या पोटात माझा ५२ हलला.

रात्री अकराला न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे बंद केली. बर्फासाठी ती बंद होण्याची तिच्या शंभराहून जास्त वर्षांच्या आयुष्यातली ही पहिली वेळ. रस्त्यांवर गाड्यांना बंदी. इतकी शांतता की समोरच्या घराचा दरवाजा लागला तर आपल्या घरात ऐकू यावा. आम्ही दिवाणखान्यातला दिवा मालवून खिडकीशी बसलो. तिथले लोक बर्फ आकाशात बघत नाहीत, रस्त्यावरच्या दिव्याखाली बघतात. उजेडाच्या शंकूत कण दिसतात. बारीक असले तर रव्यासारखे तिरके उडतात. मोठे असले तर डोलत उतरतात. भाचा कण बघून सांगायचा की वर ढगात किती थंडी आहे. बाराला कण मोठे झाले, तो उठून उभा राहिला. साडेबाराला पुन्हा रवा. रडारवर जोरकस बर्फाचा पट्टा लाँग आयलंडवर उभा होता, पश्चिमेला सरकायचं नाव घेईना. एकला युरो आला. भाच्याने तो उघडला नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "आता कशाला? आता खिडकी आहे ना."

पहाटे फोन वाजला. वूस्टरवाला. तो ओरडत होता, सोफ्यावर बसलेल्या मला ऐकू येत होतं. वूस्टरला त्या वादळात ३४.५ इंच पडला, तिथला विक्रम. बॉस्टनला २४.६. लाँग आयलंडवर इस्लिपला २४.९. सेंट्रल पार्कमध्ये ९.८. आणि फिलाडेल्फियाला रांगोळी. वादळ सांगितलेल्या वाटेपेक्षा पन्नास-पाऊणशे मैल पूर्वेने गेलं होतं. पुण्याहून लोणावळ्याच्या पुढे खोपोलीपर्यंत जावं, साधारण एवढाच फरक. ज्या जीएफएसला भाचा नवखा म्हणत होता, त्याचंच बरोबर आलं.

आमच्या भागाचा अंदाज हवामानखात्याचं माउंट हॉलीचं कार्यालय देतं. तिथले तेव्हाचे प्रमुख हवामानतज्ज्ञ गॅरी शॅटकोव्स्की यांनी त्याच रात्री सगळ्यांची जाहीर माफी मागितली. तुम्ही आमच्यावर विसंबून अवघड निर्णय घेतलेत आणि आम्ही चुकलो, अशा अर्थाचं ते होतं. हवामानखात्याचे तेव्हाचे संचालक लुई युसेलिनी यांनी नंतर सांगितलं की अंदाजातली अनिश्चितता लोकांपर्यंत नीट पोचवायला हवी. हे युसेलिनी म्हणजे पॉल कोसिन यांच्याबरोबर ईशान्येकडच्या हिमवादळांवर दोन जाड खंड लिहिणारे गृहस्थ. ते खंड भाच्याच्या कपाटात आहेत, पानांना हळदीचे डाग लागलेले.

माफी वाचून शेजारीपाजारी चिडले. रेल्वे उगीच बंद केली, मजुरी बुडाली, दुकानं बुडाली. त्यांचं खरंच होतं. पण मला विचाराल तर अंदाज फारसा चुकला नव्हता, आकडा चुकला होता. पूर्वेला फुटांनी बर्फ पडणार हे तीन दिवस आधी माहीत होतं आणि तो पडला. फक्त त्याची पश्चिमेची कड कुठे असेल हे माहीत नव्हतं, आणि नेमक्या त्या कडेवर दीड-दोन कोटी माणसं राहतात. ती मोहरी लोकांना दाखवली असती तर ते गोंधळले असते हे मला पटत नाही. आमच्या शेतकऱ्याला 'पडला तर पडेल' हे वाक्य दर वर्षी पेरणीच्या वेळी समजतं.

सात वाजता मुलगी उठली. शाळेला सुट्टी होती. चमचा तिने खिशात घालून ठेवला, पुढच्या वेळेसाठी.

मग आम्ही दोघं पट्टी घेऊन बाहेर गेलो. वारा गालाला सुया टोचत होता. भाचा गुडघ्यांवर बसला, पट्टी फळीवर उभी धरली, आणि बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, निराशेने. पण तो दशांश वाचत होता. ५.४. आत येऊन वहीत लिहिलं. वही जाड होती, १९९९पासूनची. मी चाळली. २००१च्या मार्चमध्ये एक पान होतं. तेव्हाही न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाला मोठ्या वादळाचा गाजावाजा झाला होता आणि फारसं काही पडलं नव्हतं. त्या पानावर नुसता आकडा, एक अक्षर जास्त नाही.

"झालं?" मी म्हटलं.

"अजून पाणी राहिलं."

हे मला नवीन होतं. मापकाच्या नळकांड्यात पडलेला बर्फ आत आणून वितळवायचा आणि त्याचं पाणी मोजायचं. साधारण दहा इंच बर्फाचं एक इंच पाणी होतं म्हणतात, पण ते दर वेळी वेगळं, म्हणूनच मोजायचं. त्याने नळकांडं कोमट पाण्याच्या पातेल्यात उभं केलं. मी आयुष्यभर पाऊस मोजला, पण पाऊस गॅसजवळ नेऊन ठेवायची पाळी पहिल्यांदाच आली. बर्फ खचत गेला, कडेने सुटला, शेवटी एक लिमलेटच्या गोळीएवढा तुकडा तरंगत राहिला आणि तोही गेला. भाच्याने पाणी बारीक नळीत ओतलं, वाकून बघितलं आणि म्हणाला, "पॉइंट चार तीन."

"डोळा खाली घे," मी म्हटलं. "वरून बघतोयस. पाण्याला मधे बाक असतो, त्याचा तळ वाचायचा."

तो खाली वाकला. मीही वाकलो. दोघांची डोकी एकमेकांना लागली.

"पॉइंट चार एक," तो म्हणाला.

मी मनात हिशेब केला. १०.४ मिलिमीटर. कोयनेकडे आषाढात एवढं पाणी चहा होईस्तोवर पडतं. पण आमच्या रजिस्टराच्या नियमाने अडीच मिलिमीटर झालं की तो पावसाचा दिवस धरतात. त्याच्या वहीत, त्याच्या परवानगीने, ५.४च्या शेजारी मी मराठीत लिहिलं, २७ जानेवारी २०१५, पावसाचा दिवस, १०.४, आणि खाली सही केली.